कलेजीचे मायटोकॉन्ड्रिया दुपारपर्यंत टिकंनात, काय करावं?

नांदेडचा_बायोकेम: नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट करायलोय, मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे कण) वेगळे काढून ते ऑक्सिजन किती वेगानं वापरतात ते मोजायचं. उंदरांची परमिशन एथिक्स कमिटीत अडकलीय म्हणून सकाळी सकाळी खाटकाकडून बोकडाची कलेजी आणतो, सुक्रोज २५० मिलिमोलर, ट्रिस, ईडीटीए असल्या बफरमधे होमोजिनाइज करतो, सेंट्रीफ्यूजमधे ७०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ७०० पट) फिरवून खालचा गाळ फेकतो अन् वरचं ८००० जीला. पेलेट (तळाशी बसलेले मायटोकॉन्ड्रिया) मस्त येतं, बदामी. ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर रोटेनोन (कॉम्प्लेक्स वन अडवणारं), सक्सिनेट (त्यांचं इंधन) देऊन एडीपी (ज्यापासून एटीपी बनतं) टाकला की ऑक्सिजन वापरायचा रेट जवळपास चौपट होतो, पण दोनेक तासांनी तेच सॅम्पल घेतलं तर एडीपी टाका नाहीतर पाणी टाका, फरकच पडंना. सगळं पेलेट इलेक्ट्रोडच्याच फॉस्फेटवाल्या बफरमधे पातळ करून बर्फात ठेवतो. डीप फ्रीजरला टाकून उद्या वापरलं तर चालंल का?

परभणीकर: पातळ करून ठेवायलास तिथंच घोळ आहे बघ. कलेजीतून आलेलं कॅल्शियम आत शिरतं, त्यात फॉस्फेट मिळालं की आतल्या पडद्यातलं ते मोठं छिद्र उघडतं, पाणी घुसून मायटोकॉन्ड्रिया फुगतात न् बाहेरचा पडदा फाटतो. फॉस्फेट फक्त मोजायच्या वेळी. ठेवायचं ते घट्टच, मिलीला ४०-५० मिलिग्रॅम प्रोटीन, सुक्रोज, हेपेस, एक मिलिमोलर ईजीटीए, पीएच ७.२ ते ७.४, बास. दर रनला त्यातलं थोडं थोडं घ्यायचं. ईडीटीए कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमलाही धरून बसतं म्हणून मुख्यतः कॅल्शियमच पकडणारं ईजीटीए बरं.

लॅबवाली_ताई: कलेजी कापताना पित्ताची पिशवी फुटते का ते पाहा. हिरवट डाग दिसला की तेवढा भाग काढूनच टाका, पित्तातले क्षार साबणासारखेच पडदे विरघळवतात. अन् होमोजिनायझर साबणानं घासत असाल तर आधी ते बंद करा, आमच्याकडं या कामाची काचेची भांडीच वेगळी ठेवलीत. दुकानातच बर्फातल्या सुक्रोजमधे बुडवून आणा, इथल्या मे महिन्यात पिशवीतून आणली तर लॅबला पोचेस्तोवर निम्मं काम तमाम. फ्रीजरचं नाव काढू नका, बर्फाचे स्फटिक बाहेरचा पडदा फाडतात, सायटोक्रोम सी (इलेक्ट्रॉन वाहून नेणारं प्रोटीन) निघून जातं. नुसती एन्झाइम ॲक्टिव्हिटी बघायची असंल तर फ्रीज केलेलं चालतं, कपलिंग (ऑक्सिजन वापरणं अन् एटीपी बनणं यांची सांगड) बघायला नाही.

लातूरचा_पाव्हणा: मधे मधे सक्सिनेट टाकत राहिलं तर? खायला मिळालं तर टिकतील की बिचारे.

परभणीकर: नको रे बाबा. बर्फावर उपाशीच ठेवायचे. सक्सिनेट दिलं की नुसते रॅडिकल तयार करत बसतात, मिळवायचं काय त्यात.

नांदेडचा_बायोकेम: बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) टाकू का? आमच्याकडं साधंच आहे.

लॅबवाली_ताई: फॅटी ॲसिड फ्री असंल तरच, ०.१-०.२ टक्के. सुटे फॅटी ॲसिड कपलिंग मोडतात, बीएसए ते शोषतं, साध्यात तेच आधीपासून चिकटलेले असतात. अन् पडदा शाबूत आहे का ते कळायला एडीपीनंतर १० मायक्रोमोलर सायटोक्रोम सी टाका, रेट पंधरा टक्क्यांच्या वर चढला तर ती बॅच फेका. एवढं करूनही चार-पाच तासांच्या पुढं भरवसा धरू नका, महत्त्वाचे रन सकाळीच उरका.

परभणीकर: कलेजीचा ताप नको असंल तर मूग अंधारात मोड आणून कर, परमिशनची भानगडच नाही. फक्त बफरमधे पीव्हीपी (फिनॉलिक्स शोषणारं पॉलिमर) अन् सिस्टीन टाक, मुगातल्या फिनॉलिक्सनं काळं पडतं नाहीतर. अन् सक्सिनेट घेतलंस तर थोडं एटीपी आधी दे.