बल्बखालची पिल्लं खुराड्यात सोडताना… तुमचे अनुभव सांगा

कोयनाकाठची
शेजारणीनं गिरिराज जातीच्या कोंबडीची पिल्लं आणलीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावलाय, भिंतीपलीकडून दिवसभर चिवचिव. ती ऐकून आमची पाटणची आजी आठवली. आधी आमच्यात बल्बबिल्ब नव्हता, खुडूक कोंबडीच सगळं बघायची. पिल्लं कधी बाहेर न्यायची तेही तीच ठरवायची. पुढं एक दिवसाची पिल्लं विकत यायला लागली, तेव्हा ते काम आजीनं अंगावर घेतलं. दिवेलागणीला एकेक पिल्लू उचलायची, पंख उघडून खाली फुंकर मारायची. लव बाजूला होऊन कातडी दिसली की पिल्लू परत खोक्यात. पिसं दाट लागली की म्हणायची, "हं, हिला जाऊदे." पण तरणा-म्हातारा, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा जुलैतला पाऊस सरल्याशिवाय कुणालाच बाहेर नाही, कितीही पिसं आली तरी. तुमच्यात कधी सोडतात? कसं सोडतात?

माणदेशी गडी
तरणा काय न् म्हातारा काय, आमच्या दहिवडीकडं पाऊस येतोय कुठं ओ! आमचं भांडण थंडीशी. दुपारी चटका, पहाटे बोटं वाकत न्हाईत. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला २-३ अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी अडत न्हाय. बल्बखाली ढीग करून बसली तर गार लागतंय, कडंला पांगून चोची वासल्या तर उकडतंय. पाचव्या आठवड्याच्या आसपास आधी दिवसा बल्ब बंद, मग रात्री. बल्बाशिवाय रात्री निवांत पांगून झोपली की मगच खुराडं.

वाईची सून
आजींना दंडवत. फुंकर मारून बघायचं आजच करते. आमच्या सासूबाई नुसतं कॅलेंडर बघतात.

कृष्णाकाठ
थंडीवाऱ्याचं सोडा, मुंगसाचं बोला. आमच्या पलूसकडं उसाचं रान चिकटून आहे. षटकोनी जाळीची भोकं मोठी, पिल्लू जाळीला टेकून झोपतं आणि मुंगूस बाहेरूनच ओढतं. सकाळी जाळीत नुसती पिसं अडकलेली, कडी जशीच्या तशी लावलेली. आता खालचा अडीच फूट अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी मारलीय, वीतभर जमिनीत पुरलीय, वरनं दगड. २०१९ च्या पुरात हेच खुराडं पोरांनी उचलून स्लॅबवर नेलं होतं. पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये, वर प्लॅस्टिकचा कागद, शेजारी आमची म्हातारी पानाचा डबा घेऊन. आणि पिल्लांचं खाद्य शेजाऱ्याच्या शेळीनं खाल्लं. ती शेळी अजून दिसली की आई शिव्या घालते.

शिराळकर
आमच्यात मुंगूस परवडलं. धामण आत शिरते, पिल्लू गिळते आणि मग पोट फुगल्यामुळं त्याच भोकातनं बाहेर पडता येत नाही. सकाळी कवाड उघडावं तर बाई आतच वेटोळं घालून.

कृष्णाकाठ
बत्तीस शिराळ्याचे असून सापाला घाबरता व्हय?

शिराळकर
नागपंचमीपुरतं धाडस असतंय दादा. इतर दिवशी आम्ही पण माणसंच.

गोठा आणि खुराडं
जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. लासोटा (मानमोडीची लस) पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची लस दुसऱ्याच्या शेवटी, चौथ्यात लासोटा परत. लस आणि घर बदलणं एकाच दिवशी करू नका. पिल्लाला दोन्हीचा ताण येतो. खाद्यही त्याच दिवशी बदलू नका, आधीचंच थोडे दिवस चालू ठेवा. आणि पाटण-महाबळेश्वरकडच्यांनी पिल्लांखाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं ठेवा. ओल्या तुसात रक्ती हगवण हमखास. मूठभर तूस दाबून बघायचं, गोळा झाला तर बदलायचं. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं की निम्मी ओल तिथंच थांबते.

मिरजवाला
कडकनाथ कुणी ठेवलीय का? चव कशी असते?

माणदेशी गडी
ओ, इथं पाळायचं चाललंय, तुम्ही रश्श्यावर गेला!

वाळवा कट्टा
कडकनाथचं नाव काढू नका. २०१९ मध्ये आमच्या भावकीतल्या निम्म्या घरांचे पैसे कडकनाथ पाळायच्या योजनेच्या घोटाळ्यात अडकलेत. कोंबडी बिचारी चांगली होती, माणसं वाईट भेटली.

वाईची सून
अरेरे. आमचे मामेसासरे पण त्यातलेच.

बरं, मुद्द्याचं. नवीन खुराड्यात पहिल्या रात्री पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. कोपऱ्यात पुठ्ठा गोल वाकवून लावला की कोपराच राहत नाही. शिवाय झिरोचा बल्ब. दांडीवर आपोआप चढत नाहीत, खालीच दाटीवाटीनं बसतात. अंधार पडल्यावर मी एकेक उचलून दांडीवर ठेवते. पायाची नखं दांडीला धरली की सोडायचं. थोड्या दिवसांत स्वतःच चढायला लागतात. नवरा म्हणतो पोरांना पण एवढ्या मायेनं झोपवलं नाहीस.

कोयनाकाठची
हाहाहा! पण संध्याकाळी हलवता का सकाळी? आजी अंधारातच हलवायची.

माणदेशी गडी
सकाळी. दिवसभरात पाणी कुठं, खाद्य कुठं कळतं.

वाईची सून
मी पण सकाळीच. आणि आठवडाभर आतच कोंडून ठेवते. मग मोकळी सोडली तरी दिवस मावळताना आपसूक परत येतात. लगेच सोडली तर आंब्यावर चढून बसतात, मग काठी घेऊन हिंडा.

गोठा आणि खुराडं
दोन्ही चालतं. संध्याकाळी हलवलं तर पहाटे लवकर उठून पाणी दाखवायला जावं लागतं, एवढंच.

मिरजवाला
तूस कुठं मिळेल? इकडं सगळे लाकडाचा भुसा देतात.

शिराळकर
आमच्याकडं या, भाताच्या गिरणीवर पोत्यानं मिळतं. भुसा अगदी बारीक असेल तर घेऊ नका, पिल्लं खातात.

मिरजवाला
रविवारी येतो. नंबर व्यक्तिगत निरोपात टाका.

शिराळकर
टाकला. येताना बाजारातनं माझ्यासाठी दोन डालगी आणा, पैसे इथं देतो.