डॉट नेटमध्ये कॉम वापरला तर बिघडलं कुठे?

कुडाळकर: परवा या फोरमवर एकाने लिहिलं की ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरसाठी मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये प्रोग्रॅम लिहिताना जो जुन्या कॉमला (एका प्रोग्रॅममधून दुसरा चालवायची मायक्रोसॉफ्टचीच आधीची पद्धत) हात लावतो, त्याला प्रोग्रॅमिंग कळत नाही. डोकंच फिरलं. झूम एक्स्टेंट्स, म्हणजे अख्खं ड्रॉइंग पडद्यावर बसवणं, कॉममध्ये एका ओळीत होतं. डॉट नेटमध्ये त्याला तयार मेथडच नाही. व्ह्यू घ्या, मर्यादा काढा, मॅट्रिक्स लावा, पानभर कोड. कोडमधून ऑटोकॅडला कमांड द्यायचंही तेच. कॉमचं सेंडकमांड काम होईपर्यंत थांबतं, डॉट नेटचं सेंडस्ट्रिंगटूएक्झिक्यूट मात्र तुमचा कोड संपल्यावर जागं होतं.

चिपळूणचा सर्व्हेअर: ऑटोकॅडच्या २०१५ च्या आवृत्तीपासून डॉट नेटमध्येही एडिटर.कमांड आहे, तेही थांबतं. वाचत जा जरा. आम्ही एक्सेलमधून कॉमने टोटल स्टेशनचे (जमीन मोजायच्या यंत्राचे) पॉइंट टाकायचो. हजारो पॉइंट, आणि प्रत्येक कॉल एका प्रोसेसमधून दुसरीत. मध्येच कोणी ऑटोकॅडमध्ये कमांड अर्धवट सोडली की ‘कॉल वॉज रिजेक्टेड बाय कॉली’ म्हणत ऑटोकॅड कॉल नाकारतो, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता डॉट नेटने एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका दमात, पडतात. शिवाय २०२५ पासून डॉट नेट ८ आलं, त्यात चालू ऑटोकॅडला बाहेरून कॉमने जोडून देणारं मार्शल.गेटॲक्टिव्हऑब्जेक्टच नाही.

कुडाळकर: अहो, ते बाहेरून! नेटलोड कमांडने चढवलेला डीएलएल (आपल्या प्रोग्रॅमची फाइल) ऑटोकॅडच्या आतच चालतो. कॉमसाठी ॲकॅडॲप्लिकेशन प्रॉपर्टी हाताशी असते, गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट लागतंय कुणाला? एडिटर.कमांडचं मान्य, पण ऑफिसात जुनी आवृत्ती असलेल्याने काय करायचं?

मालवणी माणूस: तुमचं चालू द्या. आमच्याकडे गट नंबरची लेबलं टाकणारा व्हीबीए मॅक्रो (ऑटोकॅडच्या आत चालणारा, कॉमवरच उभा असलेला छोटा प्रोग्रॅम) आहे. २०१० च्या आवृत्तीपासून व्हीबीए वेगळं उतरवून घ्यावं लागतं, तेही करतो. लिहिणारा पोरगा पुण्याला गेला. नव्याने लिहिणार कोण? इथली पोरं डिप्लोमा झाला की मुंबईची गाडी पकडतात.

चिपळूणचा सर्व्हेअर: जातील नाहीतर काय! इथे ड्राफ्ट्समनला हमालासारखं राबवतात, वर मॅक्रो फुकट लिहून मागतात. मी स्वतः त्याच कारणाने एक नोकरी सोडली.

मालवणी माणूस: ह्यां सगळां खरां, पण पगार कोण देतलो? पावसाळ्यात चार महिने मोजणीची कामं बंद. बिल्डर प्लॅन पास झाल्याशिवाय पैसे सोडत नाही. आधी माझ्या खुर्चीत बसा, मग हमाल म्हणा.

कुडाळकर: धागा कॉमचा आहे!

चिपळूणचा सर्व्हेअर: हमाल हा शब्द मागे घेतो, बाकीचं नाही. आणि कुडाळकर, झूमपुरतं चालवा तुमचं कॉम. पण इंटरॉपचा (ठरावीक आवृत्तीला बांधलेल्या कॉम लायब्ररीचा) रेफरन्स नको, डायनॅमिक (प्रोग्रॅम चालू असतानाच जोडून घेणारं) वापरा, नाहीतर आवृत्ती बदलली की बसाल परत कंपाइल करत. पॉइंट टाकायला कॉम वापरलंत तर मात्र पुन्हा भांडेन.