लग्नपत्रिकेच्या डिझाइनचे पैसे वेगळे मागावेत का?

कागदवाली_कोथरूड

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहत्या घरातूनच पत्रिकांचं काम करते. डिझाइन माझं, छपाई नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये, फॉइल (सोनेरी-चंदेरी छाप) आणि डाय कटिंग (साच्याने आकार कापणं) बाहेरून. आजवर नगावर दर सांगत आले: डिझाइन, कागद, छपाई, पाकीट सगळं धरून 110 रुपये. 400 पत्रिका निघायच्या तेव्हा त्यात निभायचं. आता म्हणतात, ‘बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅप करू, छापील फक्त मानाच्या 80 करा.’ म्हणजे 44,000 चं काम 8,800 वर आलं, आणि डोकेफोड तेवढीच.

परवाचंच सांगते. मुलीला तोरण आणि तुळशीवृंदावनाचं रेखाचित्र आवडलं, प्रूफ पक्कं झालं. मग मुलाच्या आत्याबाईंचा फोन: निमंत्रकांत धाकट्या काकांचं नाव थोरल्यांच्या वर कसं? ते बदललं. मग मामांचं नाव राहिलंय. मग ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ हवी, दुसऱ्या दिवशी नको, कारण आजींना ती उद्धट वाटली. शेवटी निरोप आला, ‘तुम्ही नुसतं जेपीजी पाठवा, आमच्या ओळखीच्या प्रेसमधून छापून घेतो.’ म्हणजे छपाई गेली आणि तिच्याबरोबर माझे पैसेही.

डिझाइनची फी वेगळी सांगावी का? आमच्या घरात मत असं की फी म्हटलं की पुणेकर जिना उतरतो.

शनिपारकर

छापताच कशाला? आलेल्या पत्रिकेच्या मागे लोक वाण्याची यादी करतात. ई-पत्रिका करा, मोकळ्या व्हा.

जुना_खिळा

शनिपारकर, पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवतात. तिथे काय मोबाइल धरणार?

ताई, आमची सदाशिव पेठेत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, होती. वडील खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे आणि मी शाई पुसायचो, त्यामुळे दोन गोष्टी अधिकाराने सांगतो. तुम्ही ‘डिझाइन फी’ म्हणू नका. डिझाइन म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, पोरीने कॉम्प्युटरवर फूल काढलं, त्याचे कसले पैसे. आपल्या पत्रिकेत खरी मेहनत फुलाची नसते, नावांची असते. कुलदैवत कोणतं, ‘ज्येष्ठ’ की ‘द्वितीय’ चिरंजीव, शके आणि मिती बरोबर आहे का, मुहूर्त 12.27 की 12.37, आजोबांच्या नावाआधी कै. लावून त्यांचं नाव वर घ्यायचं की आशीर्वादात. हे सगळं तुम्हीच निस्तरता. म्हणून पावतीवर लिहा ‘मजकूर व मांडणी’, आणि ते पैसे काम सुरू करायच्या आधी घ्या. दोन दुरुस्त्या त्यात धरा, तिसरीला वेगळे. तिसरीला पैसे पडतात म्हटल्यावर आत्याबाई आणि आजी आधी आपसात बोलून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मजकूर एकाच माणसाकडून घ्यायचा, दोन्हीकडच्या यजमानांनी प्रिंटवर सही करायची. मोबाइलवर ‘ओके’ आलेलं मी धरत नाही. कागदावर छापलेलं नाव माणूस वाचतो, स्क्रीनवरचं नुसतं बघतो.

आता 80 नगांचं. फॉइलचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, 80 ला केला काय नि 400 ला केला काय, खर्च तोच. तो नगाच्या दरात घालाल तर मरालच. ब्लॉक आणि डाय वेगळ्या ओळीत दाखवा. मग छपाईचा नगावरचा दर इतका साधा दिसतो की लोक त्यावर घासाघीस करत नाहीत. मापही बघा: 12×18 इंचाच्या शीटवर 5×7 ची पत्रिका 4 बसते, साडेपाच इंची चौकोनी केलीत तर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडा, धरून 6. डिजिटल छपाईला प्रेसवाला शीटमागे पैसे घेतो. 80 नगांना 20 शीट की 14, तुम्हीच बघा. मात्र पाकीट त्या मापाचं तयार मिळतंय का ते आधी विचारा, नाहीतर इकडे वाचलेलं तिकडे जाईल.

अक्षरवेडी

फाइलबद्दल माझं थोडं. जेपीजी द्यायचंच नाही. प्रूफ कमी रिझोल्यूशनचं, वर आडवा वॉटरमार्क. छपाईला द्यायची पीडीएफ, तीही अक्षरं कर्व्ह्ज (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या) करून. बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवरच काम चालतं, तिथे आपला युनिकोड मजकूर उघडला की रफार आणि जोडाक्षरं विखुरतात. फॉन्ट लायसन्सचा प्रश्न असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट व्यावसायिक कामालाही मोफत आहेत. फॉइलसाठी मात्र फॉन्टचं जाड वजन, म्हणजे ठळक अक्षर, घ्या. बारीक वजनात रेषा तुटतात आणि अनुस्वार नीट उठत नाही.

कागदवाली_कोथरूड

खिळेकाका, सहीची कल्पना आजपासूनच लागू. एक शंका: मानाच्या 80 असतील तर त्या हातकागदावर कराव्यात का? शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून नमुने आणलेत. सुती चिंध्यांचा कागद, हाताला सुरेख लागतो. पण डिजिटल प्रेसवाला नाही म्हणतो.

जुना_खिळा

बरोबर म्हणतो तो. त्या कागदाची जाडी शीटगणिक बदलते, त्याचं मशीन अडकेल. पोत खडबडीत असल्यामुळे टोनर (त्या मशीनची पावडरची शाई) खड्ड्यात उतरत नाही. त्यावर स्क्रीन प्रिंटिंग करा, गडद तपकिरी किंवा कुंकवाच्या रंगाची एकच शाई. फॉइल हवंच असेल तर वरच्या गणपतीपुरतं, तेही जाड रेषेचं. आणि 80 लागणार असतील तर 95 पत्रिकांचा कागद कापून घ्या, यात वाया जाणारा कागद जास्त असतो. तो खर्च गिऱ्हाइकाच्या खात्यावर, तुमच्या नाही.

शनिपारकर

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. बहीण म्हणते छापीलच हवी. ताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय, मजकूर व मांडणीचे किती ते कळवा.

कागदवाली_कोथरूड

6,000, दोन दुरुस्त्यांसह. ब्लॉक, कागद, छपाई वेगळी. मार्गशीर्षातलं लग्न असेल तर मजकूर दसऱ्याच्या आत द्या. तुळशीचं लग्न झालं की प्रेसमध्ये उभं राहायला जागा नसते. आणि मामांचं नाव आत्ताच विचारून घ्या.