जुना एसएमपीएस नव्या बजेट पीसीत चालेल का?

प्रश्न
जुन्या पीसीतला ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारं युनिट) आहे. लेबलवर ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३० आणि १२ व्होल्टला १८ असं लिहिलंय. मुख्य कनेक्टर २० पिनचा, प्रोसेसरला ४ पिनचा. ६५ वॅटचा प्रोसेसर, एक एसएसडी आणि वेगळी वायर न लागणारं ७५ वॅटचं ग्राफिक्स कार्ड जोडायचंय. चालेल का?

उत्तर १
४५० हा आकडा विसरा, १२ व्होल्टची ओळ बघा. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट, आणि आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतो. ‘६५ वॅट’चे काही प्रोसेसर फुल लोडवर ८८ वॅटपर्यंत जातात, वर मदरबोर्डचा व्हीआरएम (प्रोसेसरसाठी व्होल्टेज कमी करणारा भाग) थोडी खातो. कार्ड धरून बेरीज १८० च्या आसपास. हिशोबात बसतं, पण कपॅसिटर (आतले वीज साठवणारे भाग) जुने झालेल्या युनिटवर एवढा भार टाकू नका. कार्डाशिवाय खुशाल वापरा, मात्र आधी तपासून.

उत्तर २
तपासताना मुख्य कनेक्टरची हिरवी आणि काळी वायर एकमेकींना जोडून पंखा फिरला म्हणजे झालं असं समजू नका, त्यातून फक्त युनिट चालू होतं एवढंच कळतं. जाळीतून टॉर्च मारून फुगलेले कपॅसिटर बघा. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

खरी परीक्षा लोडवर. प्रोसेसरची स्ट्रेस टेस्ट (त्याला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास चालवा आणि मोकळ्या मोलेक्सवर (ड्राइव्हसाठीचा ४ पिनचा जुना कनेक्टर) मल्टिमीटर लावा: पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. युनिट तापेल तसं १२ व्होल्टचं रीडिंग खाली आणि ५ व्होल्टचं वर सरकत असेल, तर मर्यादेत असलं तरी ते बाद करा. रिपल (व्होल्टेजमधली बारीक, वेगवान चढउतार) मल्टिमीटरवर दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर असूनही पीसी अचानक रीस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएसवरच घ्या.

प्रश्नकर्ता
२० पिनचा कनेक्टर मदरबोर्डच्या २४ पिनच्या सॉकेटात बसेल? आणि एसएसडीला वीज देणारी सॅटा वायर नाहीये.

उत्तर १
बसेल, एका टोकाच्या ४ पिना रिकाम्या राहतील. पण त्यातलीच एक १२ व्होल्टची. मग उरते एकच पिवळी वायर, आणि स्लॉटमधलं कार्ड तिच्यातूनच ५.५ अँपिअरपर्यंत ओढणार. पिन तापून प्लॅस्टिक तपकिरी पडतं ते यामुळेच. कार्ड नको म्हणण्याचं हे दुसरं कारण.

उत्तर २
मोलेक्स-टू-सॅटा अ‍ॅडॅप्टर चालेल, पण वायरी प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेला घेऊ नका. आत वायरी एकमेकींना टेकून जळतात. मागून प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तो घ्या.