‘सिम्युलेशन मॉडेल’ मराठीत कसं लिहावं? (संदर्भ: पोलाद, ऊर्जा, कार्बन)

प्रश्न (चामोर्शी तालुका, गडचिरोली): सुरजागडचं लोहखनिज निघू लागल्यापासून पोलाद प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल गावात येतात. एका मराठी सारांशात ‘सदृशीकरण प्रतिमानानुसार (म्हणजे सिम्युलेशन मॉडेलनुसार) कार्बन उत्सर्जन’ असं छापलंय. जनसुनावणीआधी ग्रामसभेत हे समजावायचं आहे. ‘नमुना’ म्हटलं तर चालेल का?

चंद्रपूरहून: ‘नमुना’ नको भाऊ. गावात नमुना म्हणजे तलाठ्याचा आठ-अ, नाहीतर तपासणीला दिलेली माती. ‘प्रतिकृती’ म्हटलं तर लोक छोटी भट्टी शोधतील. ‘मॉडेल’ सगळ्यांना कळतं, तेच ठेवा. सिम्युलेशनला मी ‘संगणकावर भट्टी चालवून पाहणं’ म्हणतो. खनिज, कोळसा, वीज किती गेली आणि लोखंड, स्लॅग (वितळलेली मळी), वायू किती निघाले, याचा ताळेबंद बसवायचा. मग कोळशातली राख वाढवून किंवा खनिजाची प्रत उतरवून आकडे कसे हलतात ते बघायचं. ‘ताळेबंद’ हा शब्द मात्र सोडू नका. आत गेलेला कार्बन कुठे ना कुठे बाहेर दिसलाच पाहिजे.

नागपूरहून (धातुशास्त्र शिकवते): दादांचं पटलं. पण खरा घोळ ‘कार्बन’ शब्दात आहे. १ टन कार्बन पूर्ण जळला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. अहवालातला टन कशाचा, हे लिहिलेलं नसेल तर सुनावणीत पहिला प्रश्न तोच विचारा. शुद्ध हेमटाइटमधला (लोखंड आणि ऑक्सिजनचं खनिज) ऑक्सिजन कार्बनने काढायचा, तर निव्वळ रसायनाच्या हिशेबाने टनभर लोखंडामागे ०.५९ टन कार्बन डायऑक्साइड निघतोच. ब्लास्ट फर्नेसच्या (कोकवर चालणारी उंच भट्टी) मार्गाने टनभर पोलादामागे प्रत्यक्षात २ टनांच्या वर जातो. मधला फरक उष्णतेचा, कोळसा भाजून कोक बनवण्याचा, वाया गेलेल्या वायूंचा. तो कुठे कमी होईल हे शोधायलाच मॉडेल लागतं. कार्बनऐवजी हायड्रोजन वापरला तर त्या अभिक्रियेतून पाणी निघतं, पण हायड्रोजन बनवायला वीज लागते.

पुन्हा चंद्रपूरहून: विजेवरून आठवलं, ‘प्रणाली सीमा’ला, म्हणजे हिशेब कुठपर्यंत धरायचा त्याला, सरळ ‘हद्द’ लिहा. स्पंज आयर्न (खनिज न वितळवता ऑक्सिजन काढून केलेलं लोखंड) वितळवणारी भट्टी विजेवर चालते. ती वीज कोळशाची असेल आणि हद्द कारखान्याच्या फाटकाशीच थांबवली, तर तो धूर हिशेबात येतच नाही. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ ठरवताना टनभर पोलादामागे २.२ टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (इतर वायूही त्याच मापात धरून) अशी मर्यादा घातली. तिच्याशी तुलना करताना दोन्हीकडची हद्द एकच हवी.

प्रश्नकर्ता: असं लिहू का? ‘संगणकावर भट्टी चालवून पाहिली असता, या हद्दीत, टनभर पोलादामागे इतका कार्बन डायऑक्साइड निघेल.’

नागपूरहून: ‘निघेल’ काढा. ‘अमुक कोळसा आणि अमुक वीज धरल्यास इतका येतो’ असं लिहा. काय धरलंय ते वाक्यातच असू द्या, म्हणजे ग्रामसभेला त्यावर बोट ठेवता येईल.