शब्दचर्चा : मुलाचा ‘ताबा’ म्हणायचं की ‘सांभाळ’?

मूळ प्रश्न

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. जूनमध्ये मुलांकडून माहितीचे अर्ज भरून घेत होते. आईवडील वेगळे झालेली सातवीतली एक मुलगी टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “बाई, माझा ताबा मम्मीकडं हाय. पालक म्हणून कुणाचं नाव लिहू?”

तिचं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. ताबापावती, ताबेगहाण, फ्लॅटचा ताबा, कुळाचा ताबा. जमिनीच्या भाषेत ती स्वतःबद्दल बोलत होती. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मागोमाग चालणारा, अधीन असलेला. ‘ताबेदार’ त्याच घरातला. सरकारी मराठीत ‘अभिरक्षा’ आहे, पण तो आरोपीलाही लावतात आणि बारा वर्षांच्या पोरीला उच्चारायलाही जमणार नाही. मला ‘सांभाळ’ हा शब्द सुचतो. जाणकारांनी सांगावं. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तरही सांगावं, कारण मी त्या दिवशी “दोघांची लिही” एवढंच म्हणू शकले.

प्रतिसाद : वकील, कसबा बावडा

बाई, उत्तर बरोबरच दिलंत. घोळ ‘पालक’ या शब्दात आहे. शाळेत पालक म्हणजे आईवडील, म्हणून पालकसभा. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात मात्र पालक म्हणजे अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या, मुलाची, त्याच्या मालमत्तेची किंवा दोन्हींची काळजी ज्याच्याकडे आहे तो. ताबा म्हणजे मूल रोज कुणापाशी राहणार. ताबा आईकडे गेला म्हणून वडिलांचं पालकत्व आपोआप जात नाही. माझ्याकडे येणारे निम्मे भांडत असतात ते हे दोन शब्द एक समजून. “ताबा गेला, म्हणजे पोरगं गेलं” असं म्हणत रडणारे बाप मी पाहिलेत.

शब्दावरून निकाल फिरल्याचं एक उदाहरण देतो. हिंदूंसाठीच्या 1956 च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलंय. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1999 मध्ये न्यायालयाने सांगितलं की इथे ‘नंतर’ म्हणजे वडील वारल्यावर नव्हे, तर त्यांच्या गैरहजेरीत. आणि वडील मुलाकडे लक्षच देत नसतील तर तीही गैरहजेरीच. एका शब्दयोगी अव्ययावर किती आयांच्या सह्या अडल्या होत्या, बघा.

‘सांभाळ’बद्दल मात्र अडचण आहे. आई गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला जाते, मूल दिवसभर आजीकडे असतं. सांभाळ आजीचा, ताबा आईचा. कोर्टाच्या आदेशात ‘सांभाळ’ लिहिलं तर उद्या कुणीही त्याचा वेगळा अर्थ काढेल.

प्रतिसाद : निवृत्त तलाठी, शिरोळ तालुका

आमच्या सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असतं बगा. अज्ञान पालन कर्ता. बाप वारला की पोरांची नावं लागत्यात आणि पुढं ‘अ.पा.क. आई’. एक म्हातारी माझ्यावर चिडली होती, “माझा नातू पैल्या नंबरानं पास हुतोय, अज्ञान कसला ओ?” अठराच्या आतला, एवढाच त्याचा अर्थ, पण तिला ते लागलं. आमी कागदावर लिवतो ते घरात शिवी होऊन पोचतं. आनि ‘पालनकर्ता’ चांगला शब्द हाय की. त्यात राखणं न्हाई, पाळणं-पोसणं हाय.

प्रतिसाद : एक आई

माझ्या मुलाच्या आदेशात वडिलांसाठी ‘देखरेखीखाली भेट’ असं होतं. दुसरा आणि चौथा शनिवार, समुपदेशकांच्या समोर, दोन तास. आदेश वाचून सासरे म्हणाले, “माझा मुलगा काय कैदी आहे?” मीही तेव्हा गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटलं होतं.

नंतर कळलं. दोन वर्षं मुलानं वडिलांना पाहिलंच नव्हतं, तो त्यांच्याजवळ जायला घाबरायचा. तिसरं माणूस खोलीत होतं ते त्याच्या धिरासाठी. चार महिन्यांनी तो स्वतःच त्यांच्या गाडीवर बसून रंकाळ्यावर भेळ खायला गेला. काही घरांत मारहाणीची किंवा मूल पळवून नेण्याची भीती खरी असते, तिथे देखरेख हवीच. पण सगळ्यांना एकच शब्द लावला की सगळेच बाप गुन्हेगार दिसतात. ‘सोबतीची भेट’ म्हटलं तर?

प्रतिसाद : वकील, कसबा बावडा

ताई, बोलताना जरूर म्हणा. आदेशात मात्र कोण हजर राहणार, कुठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहिलेलंच बरं. मग नाव काहीही असो. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही या भेटीला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतो, तोही काही गोड शब्द नाही. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेट आणि संपर्क वेगळे मानलेत: ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी फोनवर बोलता यावं. ‘संपर्क’ हा मला स्वच्छ शब्द वाटतो.

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचं अपील उच्च न्यायालयात जातं. ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच आहे, म्हणून आईवडील स्वतः येऊन बसतात. बाहेर आल्यावर विचारतात, “म्हणजे काय झालं ओ?” तेव्हा आम्हाला मराठीतच सांगावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

वकीलसाहेबांचं आजीचं उदाहरण पटलं, ‘सांभाळ’ आदेशासाठी सोडून देते. पण मुलांसमोर ‘ताबा’ म्हणणार नाही. अर्जात आता तीन ओळी केल्यात: आईचं नाव, वडिलांचं नाव, मूल कुणाकडे राहतं. ‘पालक’ हा रकानाच काढला. तिसऱ्या ओळीत त्या मुलीनं लिहिलं, “मम्मीकडे. पप्पांचा शनिवार असतो.”

‘पप्पांचा शनिवार’ हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. तुमच्या घरांतली मुलं या दिवसाला काय म्हणतात, ते कळवाल का?