मानसोपचारातली आणीबाणी : नाशिक जिल्ह्यात काम करणाऱ्यांचे अनुभव

विषय एकच ठेवलाय : या कामात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात काय ठाऊक हवं?

मनोविकारतज्ज्ञ

अपघात विभागातून ‘पेशंट आवरत नाहीये’ असा निरोप आला की आधी शरीर बघा. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, बोटातून साखर, डोक्याला मार. आज कोणता वार ते सांगता येत नाही, अवस्था तासातासाला बदलते, तर डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने अचानक आलेला मनाचा गोंधळ, समजून चला. दारू थांबून दोन-तीन दिवस झालेत का, हे आईला किंवा बायकोला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत खरं उत्तर येत नाही. हात थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं याला घरचे ‘बाहेरचं’ समजतात आणि दोन दिवस वाया जातात. दारू तुटल्याच्या या त्रासाला लोराझेपाम (शांत करणारं औषध) आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) लागतं, तेही ग्लुकोजच्या आधी थायमिन.

मनोविकाराचा आवेग असेल आणि तोंडाने गोळी अजिबात जात नसेल तर हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरचं औषध) आणि प्रोमेथाझिन (गुंगी आणणारं, आखडणं टाळणारं औषध) यांचं इंजेक्शन एकत्र, स्नायूत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये ही जोडी चाचण्यांतून तपासली गेलीय. नुसत्या हॅलोपेरिडॉलने मान, जबडा, डोळे आखडतात, आणि एकदा तसं झालेला माणूस पुढे महिनोन्‌महिने औषधाला हात लावत नाही. त्यानंतर पहिला तास दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, रक्तदाब. पालथं दाबून कुणालाही धरू नका, श्वास कोंडतो.

मानसोपचार परिचारिका

इंजेक्शनची वेळ बहुतेकदा आपण स्वतः ओढवून घेतो. पाच जण एकदम बोलतात, वॉर्डबॉय दारात उभा राहतो, मामा मोठ्याने दटावतात. बोलणारं माणूस एकच हवं. दोन हात अंतर, थोडं तिरकं उभं राहायचं, दार पेशंटलाही मोकळं आणि आपल्यालाही. वाक्य चार-पाच शब्दांचं : “दादा, मी सिस्टर आहे. पाणी देऊ?” मग थांबायचं. डोक्यात आवाज चालू असताना आपलं वाक्य पोचायला वेळ लागतो; तेवढ्यात दुसरं वाक्य टाकलं की दोन्ही वाया. आवाज खरे की खोटे यावर वाद नको. “ते ऐकून भीती वाटत असेल” एवढं पुरतं. सलाइनचा स्टँड, कात्री, ट्रे आधीच हलवा.

समुपदेशक, निफाड-दिंडोरी भाग

आत्महत्येबद्दल थेट विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. क्रम असा : जीव नकोसा वाटतो का, जीव द्यावा असं मनात येतं का, कसं ते ठरवलंय का, खरंच करायचा इरादा आहे का, काही तयारी केलीय का, पूर्वी कधी प्रयत्न झालाय का. “तसलं काही मनात नाही ना?” असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं.

आमच्याकडे सगळ्यात मोलाचं काम घरात असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेसाठी फवारणीची औषधं घरात येऊन पडतात, पुष्कळदा पलंगाखाली. ती कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. शक्य असेल तर साठाच शेजारच्या गावी नातेवाइकाकडे. जीव द्यायच्या विचाराचा पहिला झटका बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणं हाच बचाव असतो. मानसोपचाराच्या गोळ्याही एका वेळी आठवड्याच्याच, घरातल्या एकाच्या ताब्यात.

फवारणीचं औषध पोटात गेलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. माणूस बरा दिसला तरी डबी किंवा लेबल घेऊन लगेच दवाखान्यात. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

समाजसेवा अधीक्षक

जीव द्यायचा प्रयत्न झाला की नातेवाईक पोलीस केसच्या भीतीने ‘चुकून प्यायला’ सांगतात आणि समुपदेशन राहून जातं. त्यांना स्वच्छ सांगा : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५, असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं कायदाच धरतो. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत नाही. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. नोंद मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची, होईल, पण ती शिक्षेसाठी नसते.

पोलिसांनी रस्त्यावरून आणलेल्या माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. संमतीशिवाय आणीबाणीचे उपचार ७२ तासांपर्यंतच, आणि त्यात विजेचा शॉक (ईसीटी) देता येत नाही. घड्याळ कधी सुरू झालं ते केसपेपरवर ठळक लिहा, नाहीतर रविवार मध्ये आला की गोंधळ होतो.

फोनवर काम करणारी समुपदेशक

पहिल्या मिनिटात तीन गोष्टी : आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे, फोन तुटला तर परत कोणत्या नंबरवर करू. सुरगाणा-पेठ भागात रेंज जाते, म्हणून हे आधी. कळवण-सटाण्याची आजी अहिराणीत बोलत असेल तर तिला प्रमाण मराठीत वळवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर कागदावर लिहून द्या, मोबाइल हरवतो किंवा बंद असतो.

डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. दोन-तीन दिवसांत स्वतः फोन करा आणि ‘बरं आहे ना?’ ऐवजी विचारा : काल झोप किती लागली, गोळी कोणी दिली, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे.